नळाची ओटी

बातमी आली तेव्हा मी म्हैसूर रोडवर सिग्नलला पत्रकं वाटत होते. पत्रकाचा मथळा माझाच होता, ‘हे गटार नाही, ही वृषभावती नदी आहे’, आणि तो कन्नडमध्ये जास्त ठसकेबाज वाटतो. फोन मंजुनाथचा होता, आमच्या घराखालच्या गाळ्यात शिंपीकाम करणाऱ्याचा. तो एरवी फोन करत नाही, जिन्याखालूनच हाक मारतो. “अक्का होगबिट्रु, मेडम.” अक्का गेल्या. मी “सरी” म्हटलं. म्हणजे बरं, ठीक. काय बरं, काय ठीक… पण बेंगळुरात राहून तो शब्द तोंडात असा बसतो की कशालाही तोच बाहेर येतो. सिग्नल सुटला, पुन्हा लागला. हातातली पत्रकं मी संपेपर्यंत वाटत राहिले, कारण दुसरं काय करायचं असतं ते मला कळेना. एका स्कूटरवाल्यानं पत्रक घेतलं, त्यानं आरसा पुसला आणि खाली टाकलं. एरवी मी त्याचा पुढच्या सिग्नलपर्यंत पाठलाग केला असता.

याला आता काही आठवडे झाले. मला पत्रकं लिहायची सवय आहे, आणि पत्रकात माणूस नसतो, मागण्या असतात. हे लिहायला बसले तर पहिल्यांदा मागण्याच सुचल्या. तेराव्याला त्यांच्या फोटोखाली जो मजकूर लावला होता तो आधी काढून टाका, ही पहिली. ‘प्रेमळ, सोशिक, सदैव हसतमुख’ असं लिहिलं होतं. सरोजाअक्का प्रेमळ होत्या हे मान्य. सोशिक? दारात स्कूटर लावली म्हणून तिच्या सीटवर कळशीभर पाणी ओतणारी बाई सोशिक नसते. आणि हसतमुख तर अजिबात नव्हत्या. बाजारात शिरताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की भाजीवाला आपण होऊन भाव उतरवायचा.

मी निपाणीची. घरी मराठी, शाळेत मराठी, रस्त्यावर दोन्ही. बेंगळुरात पाण्यावर काम करणाऱ्या एका छोट्या गटात लागले तेव्हा खोली शोधत पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत आले, आणि एका अरुंद जिन्यावरून आवाज आला, “कोण पाहिजे गं? स्वल्प थांब की, गुडघा दुखतोय.” मराठी. इतक्या दिवसांनी अचानक कानावर आलेली, जराशी तिरकी, कन्नडच्या हेलात मुरलेली, पण मराठी. खोली बघायच्या आधीच मी होय म्हटलं. वर पत्र्याचं छप्पर आहे आणि उन्हाळ्यात आत भाकरी भाजेल, हे नंतर कळलं.

अक्कांचं घराणं इथलंच, कितीतरी पिढ्यांचं. मूळचे कुठले, कुणालाच ठाऊक नाही. “फौजेबरोबर आलो म्हणतात,” त्या सांगायच्या. फौजेत काय करत होते, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “गोंडे विकत असतील. आमच्यात तलवार धरलेला अजून बघितला नाही मी.” खालच्या गाळ्यात पूर्वी त्यांच्या यजमानांचं जरतार, लेस आणि गोंड्यांचं दुकान होतं. यजमान गेल्यावर दुकान बंद करून गाळा मंजुनाथला दिला. मुलगा श्रीकांत महादेवपुऱ्यात, आयटीत. घरात मधल्या मजल्यावर अक्का, वर मी. सकाळी त्या जिन्यातून वर ओरडायच्या, “मेल्ये, उठलीस का?” आणि मी खाली ओरडायचे, “मेले तर उठीन कशी?” रोज हेच. दोघींपैकी कुणीही त्यात एका शब्दाचा बदल केला नाही.

त्या घरात पाणी दिवसाआड येतं. बेंगळुरात त्याला नुसतं पाणी म्हणत नाहीत, कावेरी म्हणतात. बोअरचं ते बोअर आणि नळाचं ते कावेरी. घर भाड्यानं देतानाही लोक आधी हेच सांगतात, कावेरी आहे. पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. आधी लांब सुस्कारा, मग खोकल्यासारखा आवाज, मग थोडं थुंकल्यासारखं, आणि मग धार. पहिल्या सुस्काऱ्याला अक्का जिथं असतील तिथून, न्हाणीतून, गच्चीतून, टीव्हीसमोरून, मोठ्यानं म्हणायच्या, “आले गं, थांब.” दारात कुणी पाहुणी उभी असावी तशा. मला आधी वाटलं मला म्हणतात. मी वरून “काय?” म्हणून विचारलं, तर खालून उत्तर आलं, “तुला नाही. तिला.”

माझ्या पहिल्या आषाढात एका शुक्रवारी मी खाली आले आणि बघते तर नळाला हिरवा खण बांधलेला. पितळी तोटीवर हळदीकुंकू, खाली ताटात नारळ, तांदूळ, बांगड्या, सुपारी. नळाची ओटी भरलेली. मी हसले, आणि मग विचारलं. तर त्यांच्या घरात लग्न होऊन आलेल्या सुनेनं आषाढात नव्या पाण्याच्या वेळी नदीची ओटी भरायची, हा जुना नेम. पण बेंगळुरात नदी कुठली? मग नळ आला तेव्हा सासूच्या सासूनं ठरवलं की नदीच आता घरी यायला लागली. “एवढ्या लांबून येते बिचारी. रिकामी कशी पाठवायची?” ओटी भरून झाली की अक्का नळाखाली तांब्या धरायच्या. आपल्याकडे ओटी घेणारी बाई त्यातले चार दाणे भरणारीला परत देते, तसं नळानं पहिलं पाणी द्यायचं. तेवढा तांब्या त्या स्वतः प्यायच्या, कुणाला वाटायच्या नाहीत.

आता मी कशी आहे ते सांगते. मी तिथल्या तिथे त्यांना ऐकवलं की सासूच्या सासूच्या काळात या शहरात कावेरीचं पाणी नव्हतंच. तेव्हा अर्कावतीचं यायचं. म्हणजे तुमच्या घरानं कितीतरी वर्षं ओटी भरली एकीची आणि नाव घेतलं दुसरीचं. अक्कांनी ताटातलं खोबरं तोंडात टाकलं, चावलं, आणि विचारलं, “ती अर्कावती पुढं कुठं जाते?” मी म्हटलं, कावेरीला मिळते. “मग? पोचली की. बायका-बायका आपसांत वाटून घेतात.” यावर पत्रक कसं लिहायचं?

पण मी तिथंच थांबले नाही. मी पुढचंही सांगितलं, कारण ते माझं काम आहे. आपल्या मोरीतलं पाणी वृषभावतीत जातं, ती अर्कावतीत, आणि ती कावेरीत. अक्कांनी आधी नळाकडे बघितलं, मग मोरीकडे. मग सावकाश म्हणाल्या, “म्हणजे ती नळानं येते आणि मोरीनं परत जाते. रिकामी नाही पाठवत आपण. घाण देऊन पाठवतो…” मी सभांमधून वर्षानुवर्षं जे सांगायला बघते ते त्या नळापाशी बसून एका दमात बोलल्या, आणि उठून डाळ शिजायला टाकली. त्यानंतर कधीतरी, टीव्हीवरची बाई रडत असताना, मध्येच मला म्हणाल्या, “इतकी वर्षं ती आपल्या घरी येते. आपण एकदा तिच्या घरी जायला नको?”

हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. कावेरीच्या घरी जायचं, मधोमध पाण्यात जायचं, काठावरून नाही, आणि ओटी तिला समोरासमोर द्यायची. घाई वेगळ्याच कारणानं झाली. हिवाळ्याच्या तोंडावर अक्का पाण्याच्या टाकीपाशी घसरल्या. मोडलं काही नाही, पण श्रीकांत घाबरला. तो काही वाईट मुलगा नाही. रोज फोन करतो, औषधं त्याला पाठ असतात. तो म्हणाला, आई, आता माझ्याकडेच. अक्का नाही म्हणाल्या नाहीत. मला मात्र जिन्यात थांबवून म्हणाल्या, “त्याच्याकडे टँकर येतो. कावेरी नाही. तिथं गेले की माझी आणि तिची भेट बंद. त्याच्या आधी मला घेऊन चल.” आणि मग जरा थांबून, “सुनेचं काम होतं ते. मी या घरची सून आहे तोवर.”

हे शेवटचं वाक्य कळायला मला थोडा वेळ लागला. यजमान गेल्यापासून अक्कांनी कुठल्याही बाईची ओटी भरली नव्हती. कुणी भरू दिलीच नव्हती. याच गल्लीत ज्यांच्या मुलींना त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं त्यांच्या घरी हळदीकुंकू असलं की यांना फराळाची ताटली घरपोच यायची, म्हणजे तुम्ही येऊ नका. मी याच्यावर पेटले तर म्हणाल्या, “तू याचं पत्रक काढायचं नाहीस.” नळ तेवढा एक उरला होता. नळ काही विचारत नव्हता.

सहलीची जाहिरात त्यांनीच शोधली. बाजारातल्या खांबावर चिकटवलेली होती, एका दिवसात श्रीरंगपट्टण, किल्ला, देऊळ, महाल आणि ‘रिव्हर क्रूझ’. क्रूझ हा शब्द त्यांना टीव्हीमुळे ठाऊक होता. दुमजली पांढरी बोट, कठडे, वर वाजणारी गाणी, कपात चहा. त्यांनी म्हैसूर सिल्क नेसली. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, बांगड्या, पितळी तांब्या. मी बसमध्येच बजावून ठेवलं की नदीत काहीही टाकायचं नाही. नारळ नाही, खण नाही, तांदळाचा दाणा नाही. मी लोकांना हेच सांगत फिरते, माझ्याच माणसानं टाकलेलं चालणार नाही. अक्का म्हणाल्या, “सरी. भिजवून परत आणीन. मग तर झालं?” मला ते ठीक वाटलं. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि रामनगरच्या खडकांपासून मंड्याच्या उसापर्यंत जे दिसेल त्याचा इतिहास मला ठोकून देत राहिल्या, सगळा चुकीचा. ज्या पडक्या भिंतीला त्यांनी तोफखाना म्हटलं ती साखर कारखान्याची निघाली. मी सांगितलं. “मग तोफा आतमध्ये असतील,” म्हणाल्या.

किल्ल्यात गाइडनं आम्हाला पळवलं. हे बघा, ते बघा, बस निघेल. उन्हात अक्कांचा गुडघा बोलायला लागला होता, पण बसत नव्हत्या. त्यांना कशातच रस नव्हता, सारखं एकच विचारत होत्या, बोट कधी? शेवटी नदीच्या काठावर उतरलो. काठावर डांबर फासलेल्या गोल टोपल्या उलट्या घालून ठेवल्या होत्या. इकडे त्यांना तेप्पा म्हणतात. बांबूची, खोल परातीसारखी गोल नाव, एक नावाडी, एक वल्हं. अक्का बघत राहिल्या.

“क्रूझ कुठाय?”

“हीच.”

“ही? ही भाकऱ्यांची टोपली आहे.”

मी गाइडकडे निघालेच होते. जाहिरातीत क्रूझ लिहायची आणि माणसांना टोपलीत बसवायचं, याचा जाब विचारायला हवाच होता. अक्कांनी माझी ओढणी धरली. ओढणी नव्हतीच, टी-शर्टाची बाही धरली. म्हणाल्या, “राहू दे. टोपलीत पाणी जवळ असतंय.”

टोपलीत आमच्याबरोबर एक कुटुंब होतं. बेंगळुरातच एचएसआर लेआउटमध्ये राहणारे नवराबायको आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. आमची मराठी ऐकून सासूबाई खुलल्या. किती छान, इकडेही आपली माणसं, वगैरे. अक्कांच्या मराठीला त्या जरा हसल्या, पण वाईट हेतूनं नाही. नावाडी मधल्या धारेकडे निघाला आणि तोंडानं दाखवत गेला, हा किल्ल्याचा तट, ते देवळाचं गोपूर, इकडून फौज आली, तिकडे भिंत फुटली. पाणी खरंच हातभर अंतरावर होतं. हिवाळ्याचं, उथळ, खालचे दगड दिसतील असं. अक्कांनी बोटं बुडवली आणि काढलीच नाहीत.

मध्ये गेल्यावर सासूबाईंनी पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली. नदीला वाहिलं, सुनेला लावलं. मग मला लावलं. मी मध्ये बसले होते आणि माझ्या पलीकडे अक्का. त्यांचा हात डबीसकट पुढे आला, अक्कांच्या कपाळावरची काळी टिकली त्यांनी बघितली, मोकळा गळा बघितला, आणि हात मागे गेला. किती सहज गेला. डबी बंद झाल्याचा टिचकीसारखा आवाज झाला. मी तोंड उघडलं, तर अक्कांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

ते मी गिळलं. पण मग सासूबाईंनी घरून आणलेलं निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, गाठ न सोडता, पाण्यात सोडलं, आणि तिथं मला अडवायला अक्कांचा हात पुरा पडला नाही. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पिशवी हा विषय होता, आणि पिशवी हा विषय नव्हता. टोपली डुलायला लागली. सून म्हणत होती, आई, प्लीज, आणि मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. सासूबाई लाल झाल्या. अक्कांच्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली होती, तिच्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, “आणि यांनी काय आणलंय मग? तेही नदीतच टाकणार ना? आम्हालाच तेवढं शिकवायचं.”

सगळे पिशवीकडे बघायला लागले. नावाडीसुद्धा. त्यानं वल्ह्यानं ती तरंगती प्लॅस्टिकची पिशवी अलगद ओढून आणली आणि पाणी निथळवून सासूबाईंच्या पायाशी ठेवली. अक्कांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग मला विचारलं, “भांडण झालं? आता नदी बघू?” आणि नदीकडे न बघता माझ्याकडे वळल्या. “पुढं कर.”

“काय?”

“ओटी.”

मला पदर नव्हता. जीन्स आणि गटाचा टी-शर्ट, छातीवर कन्नडमध्ये ‘नदी म्हणजे गटार नव्हे’. मी म्हटलं, अक्का, नदीची भरायची होती ना, मी कशाला. त्या म्हणाल्या, “रात्रंदिवस तिच्या नावानं भांडतेस. तुझ्या ओटीत घातलं की तिला पोचतं. टाकायला नको, भिजवायला नको, तुझ्या पत्रकाचा शब्दही राहतोय.” मग आवाज जरा उतरला. “कर की पुढं. का माझ्या हातून नको तुला?”

मी टी-शर्टाचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून ताणलं. अक्कांनी आधी माझं कपाळ पुसलं, त्या बाईनं लावलेलं, आणि आपल्या पुडीतलं हळदीकुंकू लावलं. टोपली डुलत होती, बरंचसं नाकावर पडलं. मग खण, नारळ, बांगड्या, सुपारी आणि ओंजळ-ओंजळ तांदूळ, तोंडानं काहीतरी पुटपुटत, कन्नडमध्ये की मराठीत ते मला ऐकू आलं नाही. घोषणेवर नारळ बसला. यजमान गेल्यानंतर त्यांनी भरलेली ही माणसाची पहिली ओटी. मग ती सून, तिचं नावही मी विचारलं नाही, जरा पुढे सरकली आणि कपाळ पुढे केलं. “मलाही लावा ना, अक्का.” अक्का म्हणाल्या, “सासूला विचार.” सासूबाईंनी किल्ल्याकडे तोंड फिरवलं. अक्कांनी लावलं.

“आता परत दे,” त्या मला म्हणाल्या. मी तांदळाचे चार दाणे उचलले. “ते नको. तिचं दे.” आणि तांब्या पुढे केला. मी एका हातानं ओटी सांभाळत, दुसऱ्या हातानं वाकून तांब्या कावेरीत बुडवला आणि भरून त्यांच्या हातात दिला.

नावाडी म्हणाला, अक्का, धरून बसा, आणि वल्हं उलटं मारून त्यानं ती टोपली गरागरा फिरवली. प्रवाशांना खूश करायला ते सगळेच फिरवतात, पण ही फेरी त्यानं मनापासून मारली. किल्ला, गोपूर, झाडं, किल्ला, गोपूर, झाडं. अक्का तांब्यावर तळवा दाबून धरून, डोळे सताड उघडे ठेवून, हसत सुटल्या. त्यांचं तसलं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं, जिन्यातसुद्धा नाही. टोपली थांबल्यावर म्हणाल्या, “झालं. सगळं गाव दोनदा बघून झालं. त्या गाइडला सांग.”

परतीच्या बसमध्ये तो तांब्या त्यांनी मांडीवर सांभाळला. मी म्हटलं, अक्का, जे पाणी पाइपानं आपल्या घरी येतं तेच तुम्ही बसनं नेताय. “पाइपानं येते ती कामाला येते,” म्हणाल्या. “ही माझ्याबरोबर आलीय.” घरी आल्यावर अर्ध्याहून जास्त सांडलेलं होतं. जे उरलं ते त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत ओतलं.

महिनाभरात त्या महादेवपुऱ्याला गेल्या. मी भेटायला जायचे तेव्हा इमारतीच्या दारात माझं नाव, फोन, कुणाकडे, कशाला, सगळं विचारायचे. वरच्या मजल्यावर अक्का बाल्कनीत खुर्ची टाकून खाली बघत असायच्या. सून कामावर, श्रीकांत दारामागे मीटिंगमध्ये. घर स्वच्छ, गार, आणि नळ कधीही उघडा, पाणी हजर. मला वाटलं त्यांना बरं वाटत असेल, कळशा भरणं सुटलं. म्हणाल्या, “इथं पाणी येत नाही गं. भरतात.” खाली टँकर मागे येत होता, त्याचं ते रिव्हर्सचं किरटं गाणं वाजत होतं. अक्का सवयीनं खुर्चीच्या हातावर जोर देऊन अर्ध्या उठल्या, आणि परत बसल्या. कुणाला “आले” म्हणायचं ते तिथं नव्हतं. निघताना त्यांनी दारातून ओरडून विचारलं, “मेल्ये, उद्या उठशील ना?” लिफ्टमधली दोन माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी उत्तर दिलं, पण लिफ्टचं दार लागलं होतं.

सकाळी चहा घेता घेता गेल्या, श्रीकांत सांगत होता. काही त्रास झाला नाही. कप खाली ठेवला आणि मान टेकली. तेराव्याला सवाष्णी जेवायला बसवल्या, त्यांच्या ओट्या भरल्या. भरणाऱ्या सगळ्या कुंकवाच्या. मी फोटोसमोर उभी राहिले आणि काहीही बोलले नाही, कारण त्याचं पत्रक काढायचं नाही असं त्यांनी मला सांगून ठेवलंय.

पेटेतलं घर आता विकायला काढलंय. श्रीकांत मला सभ्यपणे म्हणाला, घाई नाही, पण बघून ठेव. एचएसआरला एक खोली बघितली. पाणी बोअरचं. मधला मजला रिकामा आहे, भांडी गेली, टीव्ही गेला, टीव्हीमागच्या भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला. मंजुनाथ खाली मशीन चालवतो, मी वर असते, आणि मधून आवाज येत नाही. कन्नड मी दिवसभर बोलते, हिंदीही, सभेत तर घसा बसेपर्यंत. मराठी मात्र निपाणीला फोन लावला तरच, आणि फोनवर आई “जेवलीस का” याच्यापुढे जात नाही. तो हिरवा खण माझ्याकडे आहे. शिवला नाही. टी-शर्टावर हळदीचा डाग आहे, तो धुऊन जात नाही, आणि मी तोच घालून पत्रकं वाटते.

परवा पाण्याचा दिवस होता. मी जिन्यात चप्पल घालत होते, सिग्नलवर जायचं होतं, उशीर झाला होता. मधल्या मजल्यावरच्या रिकाम्या न्हाणीतून सुस्कारा आला. लांब, मग खोकला, मग ते थुंकल्यासारखं. मी काही विचार केला नाही, तोंडातून आपसूक गेलं, चांगलं मोठ्यानं, “आले गं, थांब.” खाली मंजुनाथचं मशीन थांबलं. मी चप्पल काढली, आत गेले. तांब्या नव्हता, म्हणून ओंजळ धरली.